शांत बसलाय म्हणजे सुखात आहे?

या वेळच्या टपालातली कुत्र्या-मांजरांची पत्रं मी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. पोपट, अजगर, लोरिस, कासव यांच्याबद्दल बरीच पत्रं आली आणि त्यांतली काही तातडीची होती. पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत आणि नावं काढली आहेत. उत्तरं कुणाला कडू लागतील, तरी शेवटपर्यंत वाचावीत अशी विनंती.

प्रश्न : आमच्याकडे सात वर्षांचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे. पिल्लू असताना आणला आणि हाताने भरवून वाढवला. पूर्वी माझी पत्नी दिवसभर घरी असायची. आता आम्ही दोघंही कामावर जातो. काही महिन्यांपासून तो छातीवरची पिसं उपटतोय. पिंजरा मोठा आहे, खाणं चांगलं आहे, खेळणी आहेत. आम्ही त्याला कशाचीही कमी केलेली नाही. मग त्याला दुःख कसलं? दुसरा पोपट आणला तर हे थांबेल का?

उत्तर : आधी त्याची तपासणी करून घ्या, दुःखाचा विचार त्यानंतर. पिसं उपटण्याचं मूळ दर वेळी मनातच असतं असं नाही. यकृताचा आजार, त्वचेचा संसर्ग, नुसत्या बियांवर वाढल्यामुळे आलेली अ जीवनसत्त्वाची कमतरता, पिंजऱ्याच्या तारेवरचा जस्ताचा मुलामा कुरतडून झालेली विषबाधा, यांपैकी काहीही असू शकतं. एक खूण घरीच पाहता येते. छाती उघडी पडली आहे पण डोक्यावरची पिसं शाबूत आहेत, तर उपटणारा तो स्वतःच, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. डोकंही विरळ झालं असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा आणा आणि दर आठवड्याला, सकाळी खाण्याआधी, वजन लिहून ठेवा. पक्षी आजार लपवतात. थव्यात जो मलूल दिसतो तो शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पोपट अगदी खंगत आला तरी भांड्यापाशी बसून दाणे फोडत राहतो. आपल्याला वाटतं खातोय. वजन मात्र त्याच्या कितीतरी आधी उतरायला लागलेलं असतं.

तपासणीत काही निघालं नाही, तर तुमचंच पत्र पुन्हा वाचा. मोठा पिंजरा, चांगलं खाणं, खेळणी : या सगळ्या वस्तू झाल्या. त्याला काम हवंय आणि सोबत हवी आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात हे पक्षी रात्री थव्याने एकत्र येतात, कुठे कुठे तर हजारोंच्या संख्येने. सकाळी उठून कित्येक किलोमीटर उडत खाणं शोधायला जातात. शोधणं, सोलणं, फोडणं, भांडणं, एकमेकांची पिसं नीट करणं यातच त्यांचा दिवस सरतो. तुमच्याकडे त्याचं जेवण भांड्यात तयार असतं आणि थोड्या वेळात संपतं. पुढचे सगळे तास त्याच्यापाशी रिकामी चोच आणि स्वतःचीच पिसं एवढंच उरतं. हा पक्षी किती हुशार असतो ते सांगते. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ मध्ये अ‍ॅलेक्स नावाचा ग्रे पोपट घेतला आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्यासोबत काम केलं. त्याला शंभरावर शब्द येत होते. रंग, आकार, लहान-मोठं हे तो ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. असं डोकं असलेल्या जिवाला रोज आठ-नऊ तास रिकाम्या खोलीत ठेवलं तर त्याचं काय होईल, याचा तुम्ही दोघांनी शांतपणे विचार करावा.

दुसरी गोष्ट त्याच्या वयाची. हाताने भरवलेल्या पिल्लाला आई-बाप माहीत नसतात. वयात आल्यावर ते माणसालाच जोडीदार समजतं. सात वर्षं हे ग्रे पोपटाचं नेमकं वयात आलेलं वय. त्याने तुमच्या पत्नीला जोडीदार मानलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि आता ती रोज सकाळी निघून जाते. विक्रेते ‘हँड-फेड’ हे गुण म्हणून सांगतात. मला त्याचा राग येतो. पिल्लू लवकर लळा लावतं म्हणून ते पटकन विकलं जातं, आणि तो लळा पुढे त्याच पक्ष्याला जाळतो. यापुढे त्याला कुरवाळताना फक्त डोकं आणि मान कुरवाळा. पाठीवरून आणि पंखांखालून हात फिरवला की पक्षी त्याचा अर्थ मीलन असाच घेतो, आणि त्याची तगमग वाढते.

उपाय असे. भांड्यातलं निम्मं खाणं बंद करा आणि ते कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या नळीत कोंबून, बिनविषारी झाडांच्या सालीसकट फांद्यांत अडकवून ठेवा. त्याला ते शोधू दे, फाडू दे, घाण करू दे. रोज घरात मोकळं उडू द्या. पंख कापले असतील तर पुन्हा कापू नका. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. दिवाणखान्यातल्या टीव्हीपाशी पिंजरा असेल तर तो आजच हलवा. अंगावर पाण्याचा हलका फवारा मारा. पिसं उपटताना दिसला की ओरडू नका आणि धावतही जाऊ नका. त्याला एवढंच कळतं की असं केलं की माणसं येतात. दोघांपैकी एकाला कामाच्या वेळा बदलता येत असतील तर बदला, हे मी गंभीरपणे सांगतेय. आणि लक्षात ठेवा, बरीच वर्षं उपटलेल्या जागी पिसांची मुळंच मरतात, तिथे पुन्हा पीस येत नाही. म्हणून उशीर करू नका.

दुसरा पोपट औषध म्हणून आणू नका. दोघांचं पटेलच असं नाही, एक दुसऱ्याची बोटं तोडू शकतो, आणि नाही पटलं तर घरात दोन दुःखी पक्षी होतात. शिवाय तो दुसरा येणार कुठून? घानात १९९२ पासून या पोपटांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना आढळलं आहे. फांद्यांना चिकट लेप लावायचा, आमिष म्हणून एक पोपट बांधून ठेवायचा आणि खाली उतरलेला थवा धरायचा, ही पकडण्याची रीत. पकडलेल्यांतले कित्येक वाटेतच मरतात. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात हा पक्षी घातला गेला, म्हणजे रानातून पकडलेल्या पक्ष्यांचा व्यापारच बंद. तरीही मागणी आहे तोवर कागदपत्रं तयार होतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. ग्रे पोपट चाळीस ते साठ वर्षं जगतो. तुमच्यानंतर तो कुणाकडे जाईल ते आत्ताच ठरवा आणि त्या व्यक्तीशी त्याची ओळख आत्तापासून होऊ द्या.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणायचा म्हणून हट्ट धरून बसला आहे. त्याचं म्हणणं, हे साप पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, त्यामुळे जंगलाचं नुकसान होत नाही. त्याला जागा कमी लागते, तो भुंकत नाही, आठवड्यातून एकदा खातो. मला सापाची भीती वाटते हे खरं, पण माझ्या भीतीमुळे मी ‘नाही’ म्हणू इच्छित नाही. त्या सापाच्या बाजूने काय म्हणता येईल? आणि सापाला माया कळते का?

उत्तर : तुमचा प्रश्न मला फार आवडला. स्वतःची भीती बाजूला ठेवून सापाची बाजू विचारणारं पत्र क्वचित येतं.

मुलाचा पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. या जातीचे बरेच साप आज खरोखरच बंदिवासात पैदा होतात. पण घाना, टोगो, बेनिन या देशांतून जाणाऱ्या कित्येक सापांवर ‘रँच’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ असा की अंडी घातलेली किंवा पोटात अंडी असलेली मादी रानातून धरायची, पिल्लं पेटाऱ्यात काढायची आणि ती निर्यात करायची. पिल्लाने रान पाहिलेलं नसतं, त्याच्या आईला मात्र रानातूनच उचललेलं असतं. तेव्हा मुलाला विचारा, पैदास कुणी केली, आई-बाप कोणते, ते पाहायला मिळतील का. उत्तर देता आलं नाही तर तो साप पिंजऱ्यातला समजू नका.

दुसरं, पैदास करणारे काय पैदा करतात तेही पाहा. ‘स्पायडर’ नावाची एक सुंदर नक्षी आहे. ती नक्षी देणाऱ्या जनुकासोबत सापाला तोल सांभाळण्याचा आजार येतो. मान हलत राहते, डोकं फिरून उलटं होतं, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो. हे ठाऊक असूनही अशी पिल्लं काढली जातात, कारण ती दिसायला छान असतात. याला मी क्रूरता म्हणते, हौस म्हणत नाही.

आता ‘जागा कमी लागते’. हा समज कुठून आला? साप वेटोळं घालून स्वस्थ बसतो, म्हणून. तो स्वस्थ बसतो कारण त्याला लपायचं असतं, आणि थंडी असेल तर हलायची ताकदच नसते. बॉल पायथन पूर्ण वाढला की मीटर-सव्वा मीटरचा होतो, मादी त्याहून मोठी. त्याला अंग सरळ ताणता आलं पाहिजे. जी पेटी त्याच्या लांबीपेक्षा लहान ती मुळातच अपुरी. एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला त्याहून पाच-सहा अंश कमी, दोन्हीकडे लपायला जागा आणि हवेत पुरेसा दमटपणा हवा. अंगातली उष्णता तो स्वतः तयार करत नाही. गरम आणि गार जागांमध्ये ये-जा करून ती राखतो. एकसारख्या तापमानात ठेवलेला सरपटणारा प्राणी पचनाने, फुप्फुसाने, कातड्याने हळूहळू आजारी पडतो. आणि त्याचा चेहरा बदलत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. सापाला चेहऱ्याचे स्नायूच तसे नाहीत. माझ्याकडे आणलेले सरपटणारे प्राणी बहुतेक वेळा फार उशिरा आणलेले असतात, आणि मालकाचं वाक्य ठरलेलं असतं : ‘कालपर्यंत अगदी शांत होता हो.’

आठवड्यातून एकदा खातो, पण काय खातो? उंदीर, अख्खा. म्हणजे एका प्राण्याच्या हौसेसाठी दुसरे प्राणी पैदा करून मारायचे. सापाचा त्यात दोष नाही, पण पाळणाऱ्याने या हिशेबाकडे डोळेझाक करू नये. जिवंत उंदीर कधीही देऊ नये. उंदराला तो छळ होतो आणि घाबरलेला उंदीर सापालाही चावून जखमी करतो. महिनोन् महिने न खाण्याची सवयही या जातीला आहे, त्या काळात कासावीस न होणारा माणूस हवा.

सापाला माया कळते का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. हातात घेतलेलं तो सहन करायला शिकतो. माणसाचा वास धोक्याचा नाही एवढं त्याला उमगतं. त्यापुढे मी दावा करणार नाही, आणि जो करतो त्याच्याकडून साप घेऊ नये.

माझा कौल? नीट अभ्यास करून, योग्य जागा देऊन, खात्रीच्या पैदाशीतला छोटा सरपटणारा प्राणी सांभाळणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना मी चुकीचं म्हणत नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलाचं शिक्षण, नोकरी, घर, गाव, सगळं पुढच्या दहा वर्षांत बदलणार. बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने साठी ओलांडल्यावर, २०२० मध्ये, अंडी घातली होती. मुलगा शिकायला परगावी गेला की हा साप तुमच्याकडे येणार, हे दोघांनीही आधीच मान्य करायला हवं. त्याने एक वर्षभर वन्यप्राणी सोडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एखाद्या केंद्रात हातभार लावावा, लोकांनी टाकून दिलेल्या सापांच्या पेट्या धुवाव्यात. वर्षानंतरही इच्छा टिकली तर विकत न घेता तिथलाच एखादा साप सांभाळायला घ्यावा.

प्रश्न : एक व्हिडिओ पाठवते आहे. गोल डोळ्यांचा छोटा प्राणी गुदगुल्या केल्यावर दोन्ही हात वर करतो. मला असाच हवा आहे. कुठे मिळेल?

उत्तर : कुठेही घेऊ नका. तो स्लो लोरिस आहे, माकडांच्या लांबच्या नात्यातला, आणि त्याला गुदगुल्या आवडत नाहीयेत. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. हात वर करून तो तिच्यातला स्राव तोंडात घेतो, थुंकीत मिसळतो आणि ते विष चावण्यासाठी तयार करतो. विषारी चावा असलेले सस्तन प्राणी फार थोडे, त्यांतला हा एक. म्हणजे तुम्ही पाहिलं ते घाबरलेल्या जिवाचं स्वसंरक्षण. तो चावू नये म्हणून विकण्याआधी त्याचे दात नेलकटरने कापतात, भूल न देता, आणि त्यातल्या जंतुसंसर्गाने पुष्कळ लोरिस मरतात. हा निशाचर आहे. भर प्रकाशात त्या मोठ्या डोळ्यांना त्रास होतो. २००७ पासून सगळे स्लो लोरिस साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. ज्यांनी तुम्हाला पाठवला त्यांना हे उत्तर पाठवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तुमचे जुने लेख वाचतो. कुत्रा एके काळी लांडगा होता, मांजर रानटी होतं, घोडाही. कुणीतरी पहिल्यांदा त्यांना घरात आणलंच ना? मग आज कुणी कोल्हा किंवा ऑटर (पाणमांजर) आणला तर आक्षेप कशाला? आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वास कोंडतो, त्यांच्याबद्दल तुम्ही गप्प का? याबद्दल कायदा कसा असावा?

उत्तर : सर, दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो तुम्ही बरोबर धरलात. धापा टाकत जगणारी कुत्री पैदा करणं आणि मान फिरणारा साप पैदा करणं यात मला नैतिक फरक दिसत नाही. प्राणी घरगुती आहे म्हणून त्याचे हाल क्षम्य होत नाहीत.

पहिल्या मुद्द्यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. लांडग्याचा कुत्रा एका माणसाने एका घरात केला नाही. त्याला हजारो वर्षं लागली आणि त्या काळात शेकडो पिढ्या माणसाच्या सोबतीने बदलत गेल्या. हे कसं घडत असेल ते दिमित्री बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने तपासलं. १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्कमध्ये त्यांनी फरसाठी पाळलेल्या चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला सगळ्यात कमी बुजणारे कोल्हे निवडायचे आणि फक्त त्यांचीच पैदास करायची. काही पिढ्यांत पिल्लं शेपूट हलवायला, माणसाचा हात चाटायला लागली. प्रयोग पुढे दशकानुदशकं चालला. बदल झाला तो कोल्ह्याच्या रक्तात, पिढ्यांच्या निवडीने. एका कोल्ह्याला दुधाच्या बाटलीवर वाढवून तो होत नाही. बाटलीवर वाढवलेला ऑटर माणसाला भीत नाही एवढंच. पोहणं, शिकार, कुटुंबासोबत राहणं, वासाने हद्द आखणं या त्याच्या सगळ्या गरजा जशाच्या तशा असतात. वयात आला की तो चावतो, आणि लोक म्हणतात ‘बिघडला’. २००९ मध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यात घरातच वाढलेल्या चिंपांझीने मालकिणीच्या मैत्रिणीवर हल्ला करून तिचा चेहरा उद्ध्वस्त केला. तो प्राणी कित्येक वर्षं माणसांत वावरत होता. पोलिसांनी त्याला गोळी घातली. त्या घटनेत मला दोन बळी दिसतात.

आणि जरी कुणाला वाटलं की आपणही सुरुवात करू, हजार वर्षांनी ऑटर घरगुती होईल, तर मधल्या सगळ्या पिढ्यांच्या हालांची किंमत कोण मोजणार? आपल्या पूर्वजांना सोबत, राखण, शिकार यांची गरज होती. आज गरज नाही, हौस आहे. हौसेवर एवढं कर्ज काढू नये.

कायद्याबद्दलही तुम्ही विचारलंय. ‘काय पाळू नये’ याच्या याद्या नेहमी मागे पडतात, कारण बाजारात रोज नवी जात येते. बेल्जियमने उलटी वाट धरली : जी जात यादीत आहे तीच पाळता येईल. नेदरलँड्समध्येही १ जुलै २०२४ पासून सस्तन प्राण्यांच्या फक्त ३० जातींची यादी लागू झाली आहे. आधीपासून घरात असलेल्यांना मरेपर्यंत सांभाळायची मुभा आहे. हा मार्ग मला योग्य वाटतो. अमुक प्राणी घरात सुखाने राहू शकतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग पाळू इच्छिणाऱ्यावर येते.

प्रश्न : मुलीसाठी नाण्याएवढं लाल कानाचं कासव आणलं होतं. आता ते जेवणाच्या ताटाएवढं झालंय, पाण्याला वास येतो, मुलीचा रस संपला. जवळ तळं आहे. तिथे सोडलं तर मोकळं तरी होईल. सोडू का?

उत्तर : नाही. कृपा करून नाही. हे उत्तर मिळेपर्यंत सोडलं नसेल अशी आशा करते.

तुमचं लाल कानाचं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, हे मूळचं उत्तर अमेरिकेचं. जगात सगळीकडे ते लोकांनी असंच ‘मोकळं’ केलं आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ऊन खायच्या जागा, खाणं, अंडी घालायचे काठ यांच्यासाठी ते तिथल्या मूळच्या कासवांशी झगडतं आणि बहुधा जिंकतं. सोबत घरातले जंतूही तळ्यात जातात. एक सोडलं तर काय होतं, असं वाटेल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात पाळणाऱ्यांकडून सुटलेले बर्मी अजगर आधी थोडेच होते, मग ते वाढत गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथले रकून ९९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट (एक रानमांजर) ८७ टक्क्यांनी कमी दिसू लागल्याचं आढळलं.

घरातल्या लहानांसाठीही एक सूचना. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जंतू असू शकतो, कासव ठणठणीत असतानाही. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी घातली ती याच कारणाने : मुलं ती तोंडात घालत. टाकीला हात लावला की साबणाने हात धुवा. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतू नका.

आता कासवाचं काय करायचं. आधी सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्या केंद्रात विचारा. त्यांच्या जागा बहुतेक भरलेल्या असतात, तेव्हा नाव नोंदवून थांबावं लागेल. तोपर्यंत त्याला पूर्ण पोहता येईल एवढी मोठी टाकी किंवा हौद, चांगला फिल्टर, पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं होता येईल असा ओटा आणि त्यावर उष्णतेचा दिवा व यूव्हीबी (अतिनील किरणं देणारा) दिवा द्या. यूव्हीबी दिवा डोळ्यांना पेटलेला दिसला तरी त्याची किरणं काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदला. काचेतून आलेलं ऊन त्याच्या जागी चालत नाही, काच ती किरणं अडवते. ती मिळाली नाहीत तर कवच मऊ पडतं आणि वेडंवाकडं वाढतं. वास येतो तो पाणी अपुरं आणि फिल्टर लहान असल्यामुळे. खाणं वेगळ्या भांड्यात देऊन पाहा, फरक पडेल. कवचावर मऊ किंवा पांढरट डाग असतील, डोळे सुजलेले असतील किंवा ते एका बाजूला कलून पोहत असेल, तर टाकीची खरेदी थांबवा आणि त्याला आधी प्राणिवैद्याकडे न्या. तिरकं पोहणं हे बऱ्याचदा न्यूमोनियाचं लक्षण असतं.